विस्थापितांचे गणगोत : डॉ. इरावती कर्वे यांच्या अभ्यासाचा बोध

धरणासाठी गाव उठते तेव्हा जमीन, घरे, विहिरी व झाडे यांची मोजदाद होते. परंतु माणसाला गाव ‘आपले’ वाटते ते ज्यांमुळे, त्या नात्यांची मोजदाद कशी करावयाची? ख्यातनाम मानववंशशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांचे कार्य या दृष्टीने मननीय आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. शिक्षणासाठी त्या बालपणीच पुण्यास आल्या. डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये एम. ए. झाल्यावर त्यांनी बर्लिन येथे संशोधन केले. कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, हा तेथील प्रचलित मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे मांडला. १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. भारतीय आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

नातेसंबंधांचा हा व्यासंग पुढे विस्थापितांच्या अभ्यासाकडे वळला. सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाने राज्यास वीज दिली; मात्र खोऱ्यातील अनेक गावे जलाशयाखाली गेली. काही कुटुंबे वरच्या डोंगरउतारावर सरकली, तर काही दूरच्या जिल्ह्यांत गेली. श्रीमती जाई निंबकर यांच्यासह इरावतीबाईंनी केलेली या लोकांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

विस्थापिताचे नागरिकत्व बदलत नाही. नव्या गावच्या मतदार यादीतही त्याचे नाव येते. तरीही शेजाऱ्यांच्या लेखी तो दीर्घकाळ ‘धरणग्रस्त’च राहतो. भावकी विखुरली की पेरणीस सावड मिळत नाही, सोयरीक जुळविणे कठीण होते आणि ग्रामदैवताची जत्रा कोठे भरवावी, हाही प्रश्न पडतो. ही हानी नुकसानभरपाईच्या तक्त्यात बसत नाही.

इरावतीबाईंचे १९७० साली निधन झाले. त्यानंतर १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला. कायद्याने जमीन देता येते; आपलेपणा मात्र रुजवावा लागतो. त्यासाठी गाव हलविण्यापूर्वी ग्रामस्थांचे म्हणणे ऐकणे, भावकीस शक्यतो एकत्र वसविणे आणि यजमान गावालाही विश्वासात घेणे अगत्याचे आहे. पुनर्वसनाचे यश वाटलेल्या भूखंडांच्या संख्येवरून नव्हे, तर नव्या गावास लोक ‘आमचे गाव’ केव्हा म्हणू लागतात, यावरून ठरावे.