सुई टोंचावी कीं नाहीं?

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर आम्ही जातों तेव्हां मातांच्या तोंडून एक बोल पुष्कळदां ऐकूं येतो: “शेजारणीच्या पोराला सुई टोंचली नि तें आजारी पडलें, आमच्या लेकराला नको.” प्रिय वाचकहो, ह्या बोलाला हसूं नये. ती माता आपल्या मुलाचें हितच पाहत असते. परंतु तिचा पुरावा एकाच मुलाचा आहे, आणि कावळा बसायला व फांदी मोडायला एकच गांठ पडते, हें आपण सर्व जाणतों.

मग पुरावा म्हणावा तरी कशास? 1896 सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. डॉक्टर हाफकीन यांनीं लस तयार करून 1897 च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. तेवढ्यानें प्लेग टळतो असें ठरलें नाहीं. एक मनुष्य लस घेऊन सुखरूप राहिला, इतकेंच. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली. कांहीं कैद्यांनीं आपखुषीनें लस घेतली (कैद्याची आपखुषी ती कितपत, ही शंका आम्हांसही येते), कांहींनीं घेतली नाहीं. तुरुंग सर्वांस एकच. न घेतलेल्या 172 जणांपैकीं 12 जणांस प्लेग झाला व 6 मेले. घेतलेल्या 147 जणांपैकीं दोघांस झाला, मेला कोणीही नाहीं. न घेतलेले मोजले नसते, तर ह्या दोघांचेंच नांव पुढें करून लस निरुपयोगी ठरविली गेली असती!

शिकलेलेही फसतात. 1998 सालीं इंग्लंडांत वेकफील्ड नामक डॉक्टरानें अवघ्या 12 मुलांवरून गोवराच्या एका मिश्र लसीचा व ऑटिझमचा संबंध सुचविला. लस न घेतलेल्या मुलांशीं तुलना त्यांत नव्हतीच. तो लेख 2010 सालीं रद्द झाला. पुढें डेन्मार्कांत 6,57,461 मुलें पाहिलीं गेलीं. लस घेतलेल्यांत ऑटिझम अधिक आढळला नाहीं, असें 2019 सालीं प्रसिद्ध झालें. पण तोंवर पुष्कळ आईबापांनीं लस टाळली होती. इकडे 2022 च्या अखेरीस मुंबईंत गोवर पसरला व बालकें दगावलीं.

तेव्हां शेजारणीस विचारावें: सुई कोणत्या दिवशीं टोंचली, ताप कधीं आला, आणि त्याच आठवड्यांत सुई न टोंचलेल्या किती मुलांस ताप होता? गोवराच्या लसीनंतर आठ-दहा दिवसांनीं कांहीं मुलांस ताप येतो, हें खरें आहे. तें मातांपासून लपवूं नये. ताप फार चढला किंवा मूल सुस्त पडलें, तर त्यास तत्काळ आरोग्य केंद्रांत न्यावें. गोवराची पहिली सुई नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. कार्ड जपून ठेवावें, आणि आरोग्यसेविका पाड्यावर येईल तेव्हां मूल घरांत न दडवितां आपली शंका तिच्यापुढें मोकळेपणीं मांडावी.