पाटा मोजून घे

बापू,

परवा मूलच्या बाजारात तुझ्याच गावच्या माणसाने या मामाला गाठलं. म्हणाला, धानोऱ्याकडच्या शंभर कोयत्यांच्या कामात तुला गाड्यांचा कमानपाटा कमी पडला आणि शेवटच्या काही कोयत्यांना मुठीत बसणारी शेपटी तू साध्या सळईची, वेल्डिंगने जोडलीस. हे खरं असेल तर ते कोयते आधी परत आण, मग पुढचं वाच. खोटं असेल तर तसं कळव, म्हणजे मामाला रात्री झोप लागेल.

कमानपाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. ते आधी न तापवता वेल्डिंग मारलं की जोडाच्या कडेचा भाग ठिसूळ होतो आणि बारीक चीर जाते. वरून घासून घेतलं की ती चीर दिसत नाही. दिसते ती बांबूच्या बेटात, पातं मुठीतून सुटून तोडणाऱ्याच्या पोटरीत शिरतं तेव्हा. धानोऱ्याकडच्याच मेंढा-लेखा गावाने बांबूच्या वाहतुकीचे पास 2011 साली गावाच्या हाती आणले. त्यासाठी त्या मुलखातली माणसं किती वर्षं झगडली! त्यांच्या हाती जोडाचा कोयता?

पाटा कमी पडलाच कसा? ठोकून लोखंड लांबतं, रुंदावतं, पण वाढत नाही. त्यामुळे हिशेब आधीच बसतो. पातं 225 मिमी लांब, 50 रुंद, पाठीला 6 जाड आणि धारेकडे निमुळतं. छेद त्रिकोणी, म्हणून रुंदी गुणिले जाडीच्या निम्मं घ्यायचं: साधारण 34 घनसेंटिमीटर. शेपटी बुडाशी 12 मिमी चौरस, 100 लांब, शेवटी टोकदार. अशा टोकाला सरळ गजाच्या एक तृतीयांशच माल लागतो, म्हणजे जेमतेम 5. झाले 39. पाटा 50 बाय 8 चा असेल तर दर सेंटिमीटरला 4 मिळतात, म्हणजे पावणेदहा सेंटिमीटर. प्रत्येक ताव थोडं लोखंड खातो, पोपडे गळतात, कडा छाटाव्या लागतात. त्याचे दहा टक्के धरून पावणेअकरा. शंभराला पावणेअकरा मीटर. कटरचं पान दर कापाला 3 मिमी खातं, ते धरून अकरा मीटर. मीटरला 3.14 किलो वजन पडतं, म्हणजे सुमारे 35 किलो.

आणि भंगारवाल्याकडून नेमका 35 किलो आणायचा नाही. पाट्याच्या मधोमध बोल्टाचं भोक असतं, मुख्य पाट्याच्या टोकाला गुंडाळी असते. ते तुकडे बाजूला पडतात. तू बहुतेक तेच विसरलास. मग ऐन वेळी सळई हाताशी आली. तोच तो जोड.

माल पुरेल का, हा हिशेब आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या माणसांनाही करावा लागला आहे. 1882 साली जमशेदजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. त्यात लोहाऱ्याच्या लोखंडाची वाखाणणी होती, आणि वरोऱ्याला कोळसा होताच. जमशेदजींनी तो कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो कामाचा निघाला नाही. पुढे जमशेदजींचा मुलगा दोराबजी यांच्याबरोबर सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चंद्रपूरच्या जंगलात हिंडला. खनिज चांगलं, पण विखुरलेलं; मोठ्या कारखान्याला पुरणारं नाही. म्हणून त्यांनी इथला बेत सोडला. ते कळवायला दोराबजी नागपूरला गेले आणि तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्गकडचं लोखंड दाखवणारा नकाशा दिसला. पुढे कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला, कंपनी 1907 साली नोंदली गेली. खनिज डोळ्यांपुढे असूनही त्यांनी आधी मोजलं, बापू.

तुझ्या आजोबांना घनफळ हा शब्द माहीत नव्हता. ते ओल्या मातीचा फाळ करायचे, शेपटीसकट. मग तीच माती पाटीवर थापून गजाच्या जाडीची वळकटी करायचे, तिच्यावर दोरी धरायचे, दोरीला गाठ मारायचे आणि वर दोन बोटं सोडायचे. खिळ्याला अशा दोऱ्या लटकत असायच्या. कुठली गाठ वखराच्या पासेची, कुठली कुऱ्हाडीची, ते फक्त त्यांनाच ठाऊक. तुझा मामा तेव्हा घुग्घुसला नोकरीच्या खटपटीत होता. त्यांच्याजवळ बसून ते वहीत उतरवून घेणं राहून गेलं, आणि आता विचारायला कोणी नाही. अजून चुटपुट लागते.

फार बोललो का? ताई सांगते, तू पहाटेपासून भट्टीशी असतोस, जेवायलाही उठत नाहीस. हात तुझा आजोबांचाच आहे. पाणी द्यायची तुझी समज मामालाही साधली नाही. एवढ्या मेहनतीच्या पात्याला कच्ची शेपटी बघवत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.

मामाच्या परसात जीपचे दोन पाटे पडून आहेत. रविवारी ये आणि घेऊन जा. पैशाचं बोलू नकोस. धानोऱ्याला कोयते परत आणायला जाताना एकटा जाऊ नकोस, मामा बरोबर येईल. आणि तोवर वेळेवर जेव.

तुझा,
मामा