फाइलीत ठिपके असतात, अक्षरं नव्हे

ब्रेल छपाईच्या कामाला लागलीस, बरं झालं पोरी. मशीन शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी फाइलींचं सांगते, कारण खरे घोळ तिथे होतात.

एक गोष्ट आधी पक्की करून घे. यूनिकोडमध्ये ब्रेल १९९९ साली, ३.० या आवृत्तीत आलं. पण तिथे जागा मिळाली ती अक्षरांना नव्हे, ठिपक्यांच्या २५६ आकृत्यांना. एक-चार-पाच हे ठिपके मराठीत द, इंग्रजीत डी आणि अंकखुणेच्या मागे आले तर ४. यातलं कोणतं, ते फाइलीला ठाऊक नसतं. म्हणून भाषेचं नाव फाइलीच्या नावातच घाल, आणि मूळ देवनागरी मजकूर कधी पुसू नकोस. चूक सापडली की मुळात सुधारायची आणि ब्रेल नव्याने काढायचं. घाईत थेट ठिपक्यांत केलेली दुरुस्ती पुढच्या छपाईला हरवलेली असते.

या आकृत्यांचे यूनिकोडमधले संकेतांक पाठ करत बसू नकोस, हिशेब शीक. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. संगणकी ब्रेलमध्ये त्यांच्या खाली ७ आणि ८. पहिल्या ठिपक्याची किंमत १, पुढे दुप्पट करत आठव्याची १२८. जे ठिपके उठलेत त्यांची बेरीज कर, सोळाच्या पायात मांड आणि २८०० मध्ये मिळव. द म्हणजे १, ८ आणि १६, बेरीज २५. सोळाच्या पायात ते १९, म्हणून द चा संकेतांक २८१९. सातवा-आठवा शेवटी ठेवल्यामुळे सहा ठिपक्यांचं सगळं ब्रेल पहिल्या ६४ जागांत मावतं. मराठी पुस्तकाच्या फाइलीत २८४० किंवा त्यापुढचा संकेतांक दिसला, तर कुठेतरी नको तो ठिपका घुसलाय.

२८०० हे कोरं घर. दिसतं मोकळ्या जागेसारखं, पण यूनिकोड त्याला चिन्ह समजतं. स्पेसबारची जागा शोधायला सांगितलीस तर ते सापडणार नाही.

बीआरएफ, म्हणजे छपाईसाठी तयार केलेली ब्रेल फाइल, उघडून घाबरू नकोस. तिच्यात यूनिकोडचे ठिपके नसतातच, साध्या इंग्रजी कळफलकावरच्या खुणा असतात. ‘मराठी’ हा शब्द तिथे एम, आर, ‘पेक्षा मोठं’ची खूण, डब्ल्यू आणि ९ असा दिसेल. फॉन्ट बिघडला म्हणून कोणी तो ‘नीट’ करायला निघालं, तर हात धर. अशी फाइल वर्डमध्ये उघडू नये, नोटपॅडमध्ये उघडावी. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपणहून वाकडी करतं, आणि इथे एकेरी चिन्ह म्हणजे तिसरा ठिपका, दुहेरी म्हणजे पाचवा. शहाणपणा त्याचा, निस्तरायचं आपण!

आणि अक्षरामागे अक्षर बदलून मराठी ब्रेल होतं, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. १९५१ पासूनच्या भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराचा हलंत, म्हणजे चौथा ठिपका, व्यंजनाच्या आधी येतो. संगणकाच्या देवनागरीत तो नंतर असतो. ‘विद्या’ ब्रेलमध्ये व, इ, हलंत, द, य, आ असं लागतं. क्ष आणि ज्ञ एकेका घरात बसतात. अंकखूण आणि ण यांचे ठिपके तर एकच, तीन-चार-पाच-सहा. हे सगळं लिबलुईसारख्या मोफत प्रणालीतल्या तक्त्यांवर सोपव, पण जोडाक्षरं आणि आकडे असलेली पानं आधी तपास.

ती तपासणी पडद्यावर करू नकोस. एक प्रत छापून बोटांनी वाचणाऱ्या मुद्रितशोधकाकडे दे, आणि त्याने होकार दिल्यावरच बाकीच्या प्रती काढ.