प्रत्येक पुरळ गोवर नव्हे!

मुलाला ताप आला, अंगावर लाल पुरळ उठले की आपल्या कडाव परिसरात घरचे निदान ठरलेले – गोवर! मग औषध बंद आणि उशाला कडुनिंबाचा पाला. पालकहो, गोवरालाही डॉक्टर हवाच. पण आधी मुलाचा घसा व जीभ पाहा.

गोवरात सर्दी, खोकला असतो, डोळे लाल होतात. स्कार्लेट फीवरमध्ये घसा लाल होऊन गिळताना दुखतो. जीभ महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार लाल दिसते. सावळ्या अंगावर लाली चटकन उमटत नाही, म्हणून पोटा-पाठीवरून हात फिरवा; त्वचा पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते.

हा आजार स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे होतो व पेनिसिलीन गटातील औषधाने बरा होतो. मात्र दोन दिवसांत ताप उतरला म्हणून औषध थांबवू नका. डॉक्टरांनी सांगितलेला, सहसा १० दिवसांचा, कोर्स पुरा करा. अर्धवट उपचाराने पुढे सांधे सुजून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. औषध सुरू झाल्यावर निदान २४ तास मूल शाळेत पाठवू नका.

पाणी गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर वेळ न दवडता कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठा.