पावसाच्या खंडातही फुलणारे गाजर गवत : उपटण्याची वेळ साधा



पावसाने ओढ दिली की अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या अवर्षणप्रवण तालुक्यांत कपाशी माना टाकते, ज्वारी पिवळी पडते. त्याच वेळी बांधावर, पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला एक झाड मात्र पांढऱ्या फुलांनी डवरलेले दिसते. ते म्हणजे गाजर गवत, ऊर्फ काँग्रेस गवत. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफूल, करडई आणि झेंडू यांच्याच कुळातील ही रानवनस्पती आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५० च्या दशकात पुणे परिसरात आढळली आणि पुढे देशभर पसरली.

पाण्याच्या ताणात ते तग कसे धरते?

या तणाच्या बियांना विश्रांतीकाळाची गरज नसते. थोडी ओल मिळाली की त्या उगवतात. रोप प्रथम जमिनीलगत पानांचा झुबका पसरते आणि सोटमूळ खाली सोडते. पावसाचा खंड पडला तर ते याच अवस्थेत थांबते व पाऊस येताच झपाट्याने वाढते. अनुकूल परिस्थितीत उगवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत फुले येतात. ताण पडला तर रोप वीतभर उंचीचे असतानाही फुलते. "अजून लहान आहे, पुढच्या निंदणीला काढू," असे म्हणणे म्हणूनच महागात पडते.

आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्यातून साधारण ५ बिया तयार होतात. चांगले वाढलेले एक झाड १५ ते २५ हजार बिया देऊ शकते. वारा, पाटाचे पाणी, वाहनांच्या चाकांचा चिखल आणि न कुजलेले शेणखत यांबरोबर त्या दूरवर जातात.

नुकसान

पिकाची ओल व अन्नद्रव्ये हे तण पळवते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या पिकाच्या उगवणीस बाधक ठरते. कपाशीवरील पिठ्या ढेकणालाही ते आसरा देते. त्यामुळे बांध स्वच्छ नसेल तर पिकावरील फवारणीचा खर्च वाया जातो. जनावरांनी ते खाल्ल्यास दुधास कडवट चव येते. माणसांना अंगावर खाज, पुरळ व दम्याचा त्रास होतो.

काय करावे?

१) पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी तण मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास बुडातून पुन्हा फुटते.

२) उपटताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, नाक-तोंड रुमालाने झाकावे. ज्यांना खाज किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांना हे काम देऊ नये.

३) फुलापूर्वीचे तण शेणकाला व माती यांच्या थरांसह खड्ड्यात कुजवल्यास चांगले कंपोस्ट मिळते. फुलावर आलेले तण कंपोस्टमध्ये टाकू नये, बांधावरही ढीग घालू नये; खोल पुरावे.

४) पडीक जागेत तरोट्याचे बी पावसाळ्यापूर्वी फेकावे. तरोटा दाट वाढून गाजर गवताला दाबून टाकतो.

५) मेक्सिकन भुंगे या तणाची पाने खातात. भारतात ते १९८० च्या दशकात आणले गेले. पावसाळ्यात ते दिसल्यास त्या जागी कीटकनाशक फवारू नये. मात्र कोरड्या हंगामात ते जमिनीत सुप्त राहतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

६) कपाशीच्या शेजारी २,४-डी हे तणनाशक वापरू नये. वाऱ्याने उडालेल्या थेंबांनीही कपाशीची पाने वेडीवाकडी होऊन नुकसान होते. या तणनाशकासाठी वापरलेला पंपही कपाशीवर वापरू नये.

सर्वांनी मिळून

एकट्याने शेत स्वच्छ ठेवले आणि शेजारचा बांध फुलला, तर पुढच्या पावसात बी पुन्हा आपल्याच शेतात येते. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. परंतु खानदेशात पहिला दमदार पाऊस आधीच झाला असेल, तर सप्ताहाची वाट पाहू नये. ग्रामपंचायत, शाळा व बचत गटांनी मिळून गावठाण, शिवाररस्ते आणि पाटाच्या कडा त्यापूर्वीच एकदा साफ कराव्यात, सप्ताहात दुसरा हात फिरवावा. बी जमिनीत काही वर्षे टिकते. म्हणून ही मोहीम एका हंगामावर न थांबवता सलग ३-४ वर्षे चालवावी. फुलापूर्वी उपटलेले एक झाड म्हणजे पुढच्या वर्षीची हजारो रोपे कमी, हे ध्यानात ठेवावे.