तेलकट माती जीवाणूंकडून साफ करायची, तर पैसे कुठे लागतात?

डिझेलची टाकी झिरपून आवारातली माती काळी पडली, की साफसफाईच्या कोटेशनमध्ये हल्ली ‘तेल खाणारे जीवाणू’ दिसतात. घासाघीस तिथूनच सुरू करा. असे जीवाणू तेल सांडलेल्या मातीत बहुधा आधीपासूनच असतात. त्यांना कमी पडतं ते नत्र, स्फुरद, ओल आणि हवा.

१९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डिझ’ जहाजातलं तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा खतं टाकून तिथल्याच जीवाणूंना बळ दिलं गेलं. विकतचे जीवाणूही तपासले. नुसत्या खतापेक्षा ते सरस ठरले नाहीत. म्हणून विक्रेत्याला तुमच्याच मातीच्या दोन वाफ्यांवर ही तुलना करून दाखवायला सांगा.

खताचा हिशेब सोपा आहे. टनभर मातीत एक टक्का तेल म्हणजे १० किलो. कर्ब, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरलं, तर साधारण दोन किलो युरिया आणि सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरतं. ते एकदम न टाकता हप्त्यांनी द्या. शेतीचा अनुदानित युरिया इथे वापरता येत नाही. औद्योगिक युरिया महाग असला, तरी एकूण बिलात तो किरकोळच.

पैसे खातं ते माती उलथणं. काळ्या चिकण मातीत हवा शिरत नाही. तिच्यात भाताचं तूस किंवा बगॅस मिसळून ती पुन्हा पुन्हा खालीवर करावी लागते. मुरमाड माती स्वस्तात निघते. खाली जाड प्लास्टिकचं अस्तर हवं आणि पावसाळ्यात वर छप्पर, नाहीतर तेल शेजारच्या विहिरीत उतरेल. छपराचा खर्च टाळायचा तर दिवाळीनंतर काम काढा. ते काही महिने चालतं. तेवढे दिवस जागा अडकते, तेही खर्चात धरा.

तपासणीवर मात्र हात आखडू नका. ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’चा आकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आधी, मध्ये आणि शेवटी घ्या. नमुने प्रयोगशाळेच्या माणसानेच उचलावेत. कंत्राटदाराचे हप्ते या उतरत्या आकड्याला बांधा, दिवसांना नको.

गॅरेजचं जळकं ऑइल असेल, तर धातूंचीही तपासणी करा. शिसं, जस्त जीवाणू पचवत नाहीत. ते जास्त निघालं तर माती घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच पाठवावी लागेल आणि वाहतुकीसह दर टनामागे पैसे मोजावे लागतील. दोन्ही वाटांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी विचारा, मगच जेसीबी बोलवा.