डोळ्यांना दिसते ते ग्रेपला का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण मंडळाची अनेक वर्षांची भटकंतीची टिपणे मी एका मजकूर फाइलमध्ये एकत्र केली आहेत. टिपणे वेगवेगळ्या सभासदांनी आपापल्या संगणकावर आणि फोनवर लिहिलेली आहेत. टर्मिनलमध्ये ग्रेप वापरून ‘दऱ्या’ हा शब्द शोधला, तर काही ओळी सापडतात आणि काही सुटतात. सुटलेल्या ओळी उघडून पाहिल्या, तर त्यांतही ‘दऱ्या’ हाच शब्द ठळक दिसतो. शुद्धलेखन तपासले, मागेपुढे जास्तीची जागा नाही हेही पाहिले. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे काहीच चुकत नाही, आणि ग्रेपचेही नाही. तुमच्या फाइलमध्ये ‘दऱ्या’ हा एकच शब्द एकाहून अधिक प्रकारे साठवलेला आहे. ते सगळे प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे उमटतात. पण ग्रेप अक्षराचे रूप पाहत नाही. त्यामागचे आकडे तो एकापुढे एक ठेवून ताडून बघतो. आकडे जुळले नाहीत, तर त्याच्या लेखी तो शब्द निराळा.

याची खात्री तुम्हाला दोन मिनिटांत करून घेता येईल. सापडलेल्या ओळीतला ‘दऱ्या’ कॉपी करा, तो एकेरी अवतरणात घालून प्रिंटएफ कमांडला द्या आणि तिचे उत्तर पाइपने डब्ल्यूसीकडे पाठवा. डब्ल्यूसीला ‘-सी’ हा पर्याय द्या, म्हणजे ती बाइट मोजेल. (इथे इको वापरू नका. इको शेवटी ओळ संपल्याची खूण जोडते आणि मोजणी एकाने वाढते.) आता न सापडलेल्या ओळीतल्या शब्दावर हेच करा. पहिल्या वेळी १५ आकडा येईल, दुसऱ्या वेळी बहुधा १८. डोळ्यांना न दिसणारा फरक तीन बाइटांचा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दुसऱ्या शब्दात एक चिन्ह जास्त आहे.

ते चिन्ह कोणते, हे कळण्यासाठी शब्द सुटा करून पाहू. मराठीतला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये तीन वाटांनी लिहिता येतो.

पहिली वाट : द, मग ऱ (कोड ०९३१), मग पाय मोडण्याची खूण, मग य आणि काना. पाच चिन्हे, १५ बाइट.

दुसरी वाट : द, मग साधा र (०९३०), त्याखाली नुक्त्याचे टिंब (०९३सी), मग पाय मोडण्याची खूण, य आणि काना. सहा चिन्हे, १८ बाइट.

तिसरी वाट : द, साधा र, पाय मोडण्याची खूण, त्यापुढे शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह (२००डी), मग य आणि काना. इथेही सहा चिन्हे, १८ बाइट. हे जोडचिन्ह स्वतः काहीच उमटवत नाही. ‘या र चा रफार करू नकोस, अर्धे रूप दाखव’ एवढेच ते फॉन्टला सांगते.

एका अक्षरासाठी तीन वाटा का पडल्या, याचे कारण आपल्या भाषेतच आहे. हिंदीत र चा पाय मोडून पुढे य आला की रफार होतो, तेवढ्यावर काम भागते. मराठीला दोन्ही रूपे लागतात, कारण त्यांवर अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधले खोल भाग. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. खुद्द तुमच्या ‘गिर्यारोहण’ शब्दात रफार आहे आणि तुम्ही शोधता त्या ‘दऱ्यां’त नाही. हा भेद राखण्यासाठी भारतीय मानकाने, म्हणजे इस्कीने, ऱ हे अक्षर वापरले. मुळात ते दाक्षिणात्य भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठीचे अक्षर. त्याचा पाय मोडला की टिंब जाते आणि आपला आडवा र उरतो. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने ही वाट तिथेही आली. ऱ म्हणजे र आणि नुक्ता, ही फोडही युनिकोडला मान्य असल्याने दुसरी वाट झाली. जोडचिन्हाची तिसरी वाट युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीतली. तेव्हाचा मजकूर वाया जाऊ नये म्हणून ती आजही चालू ठेवली आहे.

आता तुमच्या टिपणांकडे येऊ. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबणाऱ्याने पहिल्या वाटेने लिहिले. उच्चारानुसार टंकलेखन करून देणाऱ्या काही साधनांनी तिसरी वाट धरली. दुसरी वाट सहसा अक्षरे सुटी करून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था फाइलींची नावे अशीच सुटी करून ठेवत असे. म्हणजे सभासद मोजावेत तितक्या सवयी तुमच्या एका फाइलमध्ये नांदत आहेत.

उपाय दोन आहेत. घाईचे काम असेल, तर ग्रेपला ‘-ई’ हा पर्याय (छोट्या लिपीतला ई) तीनदा द्या आणि प्रत्येकापुढे एकेक रूप ठेवा. रूपे हाताने टंकू नका, फाइलमधूनच कॉपी करा.

कायमचा उपाय म्हणजे सगळा मजकूर एका वाटेवर आणणे. त्यासाठी पायथॉनच्या चार-पाच ओळी पुरतात, पण क्रम पाळायला हवा. आधी फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. मग रिप्लेस वापरून ‘र, पाय मोडण्याची खूण, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, पाय मोडण्याची खूण’ ही दोन चिन्हे घाला. त्यानंतर युनिकोडडेटा या मॉड्यूलमधले नॉर्मलाइझ हे फंक्शन ‘एनएफसी’ असे सांगून चालवा. ते दुसऱ्या वाटेला पहिलीत आणते. तिसरीला मात्र ते हात लावत नाही, म्हणून आधीची पायरी आपण स्वतः करायची. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते : जो शब्द शोधायचा, त्यालाही याच दोन पायऱ्यांतून काढा. नाहीतर फाइल एका वाटेवर आणि तुमचा प्रश्न दुसऱ्या वाटेवर, असे होईल.

एक मोह टाळा. ‘न दिसणारी चिन्हे काढून टाका’ असा सल्ला तुम्हाला सर्रास मिळेल. मीही एका शब्दयादीची साफसफाई करताना शून्य रुंदीची सगळी चिन्हे एका फटक्यात उडवली होती. जोडचिन्ह गेले आणि मागे उरले द, र, पाय मोडण्याची खूण, य, काना. म्हणजे ‘दर्या’. यादीतल्या डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. शुद्धलेखन तपासनीस गप्प राहिला, कारण ‘दर्या’ हाही शुद्ध शब्दच आहे. मूळ फाइलची प्रत होती म्हणून निभावले. तुमच्या टिपणांत वाटा, घळी आणि पाण्याच्या जागा नोंदलेल्या असणार. त्यांतला एक शब्दही असा बदलता कामा नये.

जाता जाता ‘ॲप’, ‘ॲसिड’ हे शब्दही तपासा. ॲ या अक्षराला स्वतंत्र कोड २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते लिहीत, अजूनही अनेक कळफलक तसेच लिहितात. दिसायला दोन्ही एकच, पण नॉर्मलाइझ त्यांना एक मानत नाही. तिथेही रिप्लेसच वापरावे लागेल.

प्रश्न : मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीहून निराळे दिसतात. मग त्यांचा शोध घेतानाही अशीच अडचण येईल का?
— एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : नाही, इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. डोळ्यांना दोन रूपे दिसतात, पण कोड एकच आहे. ल म्हणजे ०९३२ आणि श म्हणजे ०९३६, मग ते मराठी पुस्तकात असोत की हिंदी. पाकळी काढायची की दांडी, हे फॉन्ट ठरवतो. त्यामुळे ग्रेपला दोन्हींकडचे सगळे ल सापडतात. वेबपानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली किंवा वर्ड प्रोसेसरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, आणि फॉन्टमध्ये मराठी रूपे असली, की आपला ल आणि श आपोआप उमटतात. मुलांना हे शिकवताना फळ्यावर दोन ‘ल’ काढून दाखवा आणि खाली एकच कोड लिहा. शेजारी एकच ‘दऱ्या’ लिहून त्याखाली १५ आणि १८ हे दोन आकडे लिहा. संगणकावर लिहिलेले आणि दिसणारे यांतला फरक मुलांना तेवढ्याने कळेल.